क्योतो नगरीची गिओन यात्रा व तिचा पूर्वेतिहास

जपान देशातील क्योतो हे शहर इ. स. ७९४ साली वसविले गेले आणि त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळ, ते त्या देशाच्या सम्राटांची राजधानी होते. शहराच्या पूर्वेस, शिजो नावाचा मोठा रस्ता जेथे डोंगराच्या पायथ्याशी संपतो तेथे, यासाका देवस्थान आहे. क्योतोचे रहिवासी मात्र त्यास आजही जुन्याच नावाने, ‘गिओन-सान’ म्हणून ओळखतात. ‘सान’ हा आपल्या ‘राव’ किंवा ‘जी’ सारखा आदराचा प्रत्यय आहे. या देवस्थानची यात्रा दर वर्षी जुलै महिन्यात भरते. ती एक दिवसाची नव्हे, दोन दिवसांची नव्हे, तर १ तारखेपासून ३१ तारखेपर्यंत पुरा महिना चालते. या यात्रेचा इतिहास साडेअकराशे वर्षांचा आहे. त्यात राजाज्ञा आहेत, लढाया आहेत, आगी आहेत, मानपानाची भांडणे आहेत आणि बंद पडलेला रथ पुन्हा उभा करण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहणारी माणसेही आहेत. देवळाचे काम काढलेल्या कोणत्याही गावाने तो एकदा समजून घ्यावा असाच आहे.

प्रथम नावाविषयी सांगणे जरूर आहे, कारण हे नाव आपल्याच देशातून गेलेले आहे. उत्तर प्रदेशात श्रावस्ती येथे भगवान बुद्धांचा जेतवन विहार होता. अनाथपिंडिक नावाच्या सावकाराने जेत राजपुत्राची बाग विकत मागितली. राजपुत्र म्हणाला की, जेवढी जमीन सोन्याच्या नाण्यांनी झाकशील तेवढी तुझी. त्या सावकाराने गाड्याच्या गाड्या भरून नाणी आणून खरोखरच जमीन झाकावयास सुरुवात केली, ही कथा प्रसिद्ध आहे. जेतवन या शब्दाचे चिनी लिपीत जे रूप झाले त्याचा जपानी उच्चार ‘गिओन’ असा आहे. क्योतोच्या देवळात पूर्वी गोझु तेन्नो, म्हणजे बैलाचे मस्तक असलेला स्वर्गीय राजा, या देवाची पूजा होत असे. हा देव जेतवनाचा रक्षक आहे असे तिकडील लोक मानीत. तो रोगराईचा स्वामी होता. तो कोपला तर साथ पसरे आणि प्रसन्न झाला तर तोच साथ आवरी. आपल्याकडे मरीआईविषयी जी समजूत आहे तिच्याशी हे किती जुळते, ते वेगळे सांगावयास नको.

यात्रेचा उगमही साथीतच आहे. क्योतो शहर तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या खोलगट जागी आहे. जूनमध्ये तिकडे पावसाची झड लागते, आणि तिच्या अखेरीस उष्मा असा वाढतो की वारा म्हणून हलत नाही. जुन्या काळी कामो नदीस पूर येई, विहिरींचे पाणी बिघडे, आणि दाट वस्तीत ताप, देवी, हगवण यांच्या साथी सुरू होत. त्या काळचे लोक याचे कारण पाण्यात न शोधता माणसांच्या अन्यायात शोधीत. ज्यांना राजदरबारच्या कारस्थानांत निष्कारण मारले किंवा हद्दपार केले, त्यांचे अतृप्त आत्मे सूड घेतात, अशी समजूत होती. सावारा नावाच्या राजपुत्राचे उदाहरण त्यात प्रमुख आहे. हा सम्राट कान्मू याचा सख्खा भाऊ. इ. स. ७८५ साली एका अधिकाऱ्याच्या खुनात त्याचा हात असल्याचा आरोप झाला. त्याने अन्न वर्ज्य केले आणि हद्दपारीच्या वाटेवरच त्याचा मृत्यू झाला. पुढे राजघराण्यावर व शहरावर आपत्ती येऊ लागल्या तेव्हा इ. स. ८०० मध्ये त्याला मरणोत्तर सम्राटपद बहाल करण्यात आले. जिवंतपणी न्याय न मिळालेल्या माणसाला मेल्यानंतर गादी मिळाली, आणि ती द्यावयास राज्यकर्त्यांना साथीची भीती पुरली.

इ. स. ८६३ साली असाच रोग पसरला असता सरकारने शिन्सेन-एन या राजोद्यानात अशा सहा आत्म्यांच्या शांतीसाठी मोठा विधी केला. सूत्रपठण झाले, गायनवादन झाले, कुस्त्या झाल्या, आणि एरवी सामान्य माणसाला बंद असणारे त्या बागेचे दरवाजे त्या दिवशी सर्वांना उघडे ठेवण्यात आले. ही नोंद त्या काळच्या सरकारी इतिहासग्रंथात आहे. सहा वर्षांनी, इ. स. ८६९ मध्ये, पुन्हा साथ आली. त्याच वर्षी ईशान्येकडील मुत्सु प्रांतात प्रचंड भूकंप होऊन समुद्राचे पाणी जमिनीवर चढले होते. देवस्थानची परंपरा अशी सांगते की, त्या वर्षी देशातील प्रांतांच्या संख्येइतके म्हणजे ६६ ‘होको’, लांब दांड्याचे भाले, त्या बागेत उभे केले व गिओन देवाच्या पालख्या तेथे नेल्या. भाल्याच्या टोकाकडे रोगाचे भूत ओढले जाते व अडकते, अशी कल्पना. यात्रेचा आरंभ यापासून धरतात. इ. स. ९७० पासून ती दर वर्षी होऊ लागली असे मानले जाते.

देवाची कथाही ध्यानात घेण्याजोगी आहे. एक परदेशी देव प्रवासात असता रात्रीच्या आसऱ्यासाठी दोघा भावांच्या दारी गेला. श्रीमंत भावाने त्याला हाकलून दिले. सोमिन शोराई नावाच्या गरीब भावाने मात्र काडाचे आसन घालून राळ्यासारख्या भरड धान्याचे जेवण दिले. काही वर्षांनी देव परत आला, त्याने सोमिनच्या घरच्यांना कमरेस गवताचे कडे बांधावयास सांगितले आणि त्या रात्री तेवढेच कुटुंब साथीतून वाचले. आजही यात्रेत ‘चिमाकी’ नावाची बांबूच्या पानांची जुडी मिळते. तिच्यावर ‘हे सोमिन शोराईच्या वंशजाचे घर’ अशा अर्थाची चिठ्ठी असते. ती वर्षभर दारावर टांगतात. चिमाकी हे एका खाद्यपदार्थाचेही नाव असल्यामुळे परगावचे पाहुणे ही जुडी सोडून आत खाण्याचे काही आहे काय ते पाहतात, व फसतात.

आता मिरवणुकीकडे वळू. मिरवणुका दोन जातींच्या आहेत, आणि हा भेद समजल्याशिवाय यात्रा समजत नाही. एक मिरवणूक देवाच्या तीन पालख्यांची. १७ जुलैच्या संध्याकाळी त्या देवळातून निघतात, खांद्यावरून शहरात फिरतात आणि शिजो रस्त्यावरील मुक्कामाच्या जागी सात दिवस राहून २४ तारखेच्या रात्री परत येतात. दुसरी मिरवणूक रथांची. ती १७ तारखेस व २४ तारखेस सकाळी निघते, आणि तिचा हेतू असा की, देव येण्यापूर्वी रस्ते शुद्ध व्हावेत. रथांचे झेंडे, उंच टोके, ढोल-बासरीचा नाद व भरजरी कापड यांना भुलून रोगाची भुते त्यांच्याभोवती गोळा होतात असे समजतात. म्हणूनच मिरवणूक आपल्या आळीत परतताच रथ लगेच सोडावयास घेतात. सजविलेला रथ लोकांना पाहण्यासाठी दोन दिवस तसाच ठेवावा, असे कोणी म्हणत नाही. गोळा केलेली पीडा मोकळी सुटू नये, हा त्यातील अर्थ.

पालख्या देवस्थानच्या. रथ मात्र देवस्थानचे नाहीत. ते आळ्यांचे आहेत. क्योतोच्या मध्यभागी विणकर, रंगारी, कापडाचे व्यापारी, सराफ अशा लोकांच्या आळ्या होत्या. प्रत्येक आळी म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंची समोरासमोरची घरे. एकेका आळीचा एकेक रथ. त्याची मालकी, दुरुस्ती, खर्च व जबाबदारी सर्व त्या आळीची. आसपासच्या ज्या आळ्यांना स्वतःचा रथ नव्हता, त्यांच्याकडून रथाच्या आळीस मदत मिळण्याची व्यवस्था जुन्या राजवटीत होती. मेइजी राजवटीत ती मोडली तेव्हा खर्चाची मोठी ओढाताण झाली आणि वर्गणी जमविण्यासाठी भक्तमंडळ स्थापन करावे लागले. वर्गणीचा प्रश्न कोणत्याही देशात सारखाच असतो.

रथ दोन प्रकारचे. ‘होको’ हे मोठे, ‘यामा’ हे लहान. यामा म्हणजे डोंगर. त्यावर बहुधा पाइनचे झाड व एखाद्या कथेतील बाहुल्या उभ्या असतात. पूर्वी हे यामा खांद्यावर नेत. मोठा होको मात्र चार चाकांवर चालतो. चाकाची उंची माणसाहून अधिक, सुमारे दोन मीटर. जमिनीपासून वरच्या टोकापर्यंत उंची सुमारे २५ मीटर, आणि सर्व साज चढवून, माणसे बसवून वजन बारा टनांच्या आसपास जाते. तो ओढावयास चाळीस-पन्नास माणसे लागतात. वर माडीवर वादक दाटीवाटीने बसतात, झांज-घंटा, बासरी आणि ढोल वाजवितात. त्या घंटेच्या नादाला क्योतोचे लोक ‘कोन-चिकी-चिन’ म्हणतात, आणि जुलै लागला की आळीतून त्याचा सराव ऐकू येऊ लागतो.

या रथाच्या बांधणीत सांगाडा जोडावयास खिळा मारीत नाहीत. १० तारखेपासून रस्त्यातच काम सुरू होते. लाकडी तुळया एकमेकींत बसवून त्यांच्यावर गवती दोर असे आवळतात की सांधा हलतो, पण सुटत नाही. खिळा मारलेला सांधा धक्क्याने फुटला असता, दोराचा सांधा धक्का गिळतो. बारा टनांचे ओझे खडबडीत रस्त्यावरून नेण्यास हीच युक्ती योग्य आहे. दोराचे वेढेही केवळ मजबुतीसाठी नाहीत. ते फुलपाखराच्या आकाराचे, पाहत राहावे असे दिसतात. सांगाडा आडवा पाडून त्याला मधला उंच खांब जोडतात आणि मग सगळ्यांनी दोर ओढून तो उभा करावयाचा. सांगाडा बांधणारे वेगळे, सुतार वेगळे, चाके बसविणारे वेगळे. हे ज्ञान फारसे कागदावर नाही. बाप बांधतो, मुलगा दोराचे टोक धरतो, आणि असे पंधरा-वीस उन्हाळे गेले म्हणजे मुलगा बांधू लागतो.

रथाला वळण्याची सोय नाही. चाके सरळच चालतात. थोडी दिशा बदलावयाची तर चाकाखाली लाकडी पाचर सारतात. पण चौकात काटकोनात वळावयाचे झाले म्हणजे खरी परीक्षा. रस्त्यावर चिरलेल्या हिरव्या बांबूच्या कांबी अंथरतात, त्यावर पाणी ओततात, पुढची चाके त्यावर चढवितात, आणि दोर बाजूला नेऊन सर्वजण एका दमात ओढतात. रथाच्या पुढच्या फळीवर उभी असलेली माणसे पंखे उडवून इशारा देतात. रथ करकरतो, हिसका देऊन तीस-चाळीस अंश फिरतो, वरचा खांब झोके खातो. असे बहुधा तीन वेळा केल्यावर वळण पुरे होते. छपरावर बसलेली माणसे त्या वेळी हातापायांनी विजेच्या तारा, घरांच्या वळचणी, खांब यांपासून रथ सांभाळतात. हे पाहण्यासाठीच हजारो लोक उन्हात तासन्‌तास चौकात उभे असतात.

मिरवणुकीत पहिला मान ‘नागिनाता होको’चा. नागिनाता म्हणजे लांब दांड्याचे वाकडे पाते. या एकाच रथावर जिवंत मुलगा देवाचे बालरूप म्हणून बसतो. इतर रथांवर त्याच्या जागी बाहुली असते. १३ तारखेच्या विधीनंतर त्याने पायाने भूमी स्पर्शू नये असा दंडक आहे, म्हणून एक दणकट माणूस त्याला खांद्यावरून रथावर चढवितो. १७ तारखेस रस्त्यावर आडव्या बांधलेल्या पवित्र दोरावर हा मुलगा तलवारीचा वार करतो, दोर तुटतो, आणि मगच मिरवणूक पुढे सरकते.

मागच्या रथांचा क्रम मात्र चिठ्ठ्या टाकून ठरवितात. याचे मूळ भांडणात आहे. पुढे कोणी, मागे कोणी, यावरून आळ्या-आळ्यांत तंटे होत, म्हणून इ. स. १५०० साली चिठ्ठ्यांची पद्धत घातली. ती आजही २ जुलैस महापौरांच्या समक्ष नगरसभेत पाळली जाते. मिरवणुकीच्या दिवशी जुन्या अंमलदाराचा पोषाख केलेले महापौर वाटेत बसतात, आणि प्रत्येक रथाचा प्रतिनिधी त्यांच्यापुढे चिठ्ठीची पेटी धरून क्रम तपासून घेतो. पेटीची दोरी हाताने सोडावयाची नाही, पंख्याच्या टोकाने सोडवावयाची. पुष्कळ वेळा हे काम लहान मुलगा करतो, आणि त्याला ते नीट साधले म्हणजे सर्व रस्ता टाळ्या वाजवितो. काही जुन्या रथांना चिठ्ठीतून सूट आहे, त्यांची जागा कायमची. पाचशे वर्षांत ही सूट वादाचे कारण झाली नसेल असे मानणे कठीण आहे. तथापि तंटा मिटविण्याचा इतका सोपा आणि इतका टिकलेला तोडगा क्वचितच पाहावयास मिळतो.

इ. स. १५०० हे साल असेच आलेले नाही. त्याआधी ३३ वर्षे यात्राच झाली नव्हती. १४६७ साली क्योतोत ओनिनचे युद्ध पेटले. सरदारांचे दोन पक्ष शहरातच लढले आणि दहा वर्षांत राजधानीचा मोठा भाग जळून गेला. युद्धापूर्वी सुमारे साठ रथ निघत होते. १५०० साली यात्रा पुन्हा सुरू झाली तेव्हा ३६ निघाले. तेहेतीस वर्षे म्हणजे एक पिढी सरली. जे वीस वर्षांचे होते ते पन्नाशी ओलांडून गेले. आपल्या आळीचा रथ कसा होता, कोणती बाहुली कोणत्या बाजूस होती, हे आठवणारी म्हातारी माणसे शोधून विचारावे लागले असेल.

पुढे १५३३ साली जे घडले ते या यात्रेच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण म्हटले पाहिजे. त्या वर्षी धार्मिक पंथांच्या दंगलीमुळे वरून हुकूम आला की गिओनची यात्रा होणार नाही. देवस्थानचे विधी थांबले. तेव्हा आळ्यांचे प्रतिनिधी जमून देवस्थानात आले आणि त्यांनी निवेदन केले की, देवाचे विधी झाले नाहीत तरी चालतील, पण रथ आम्हाला काढावयाचे आहेत. ही गोष्ट देवस्थानच्या अधिकाऱ्याच्या रोजनिशीत नोंदलेली आहे. याचे अर्थ दोन प्रकारे लावता येतात. कोणी म्हणेल, या लोकांना देवापेक्षा मिरवणुकीची हौस अधिक होती. परंतु जळालेल्या शहरात स्वतःच्या खर्चाने रथ पुन्हा उभे करणाऱ्या माणसांनी सरदाराला आणि पुजाऱ्याला एकाच वेळी सांगितले, की यात्रा ही तुमच्या परवानगीची वस्तू नाही, हा अर्थ अधिक पटण्यासारखा आहे. जपानी इतिहासकारांनीही या प्रसंगाकडे शहरवासीयांच्या स्वतःच्या कारभाराची खूण म्हणूनच पाहिले आहे.

आगींनी मात्र कोणाचे ऐकले नाही. लाकूड व कागद यांच्या घरांचे हे शहर १७०८, १७८८ आणि १८६४ असे तीनदा मोठ्या प्रमाणात जळाले, आणि दर वेळी रथ गेले. माणसे आग लागताच बाहुल्यांची मस्तके, मुखवटे, कापडे अशा वस्तू घेऊन पळत आणि सांगाडा सोडून देत. लाकूड पुन्हा मिळते, हे त्यामागील साधे शहाणपण.

कापडांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तिचा आपल्या दख्खनशी संबंध आहे. रथांच्या चारी बाजूंस गालिचे व पडदे टांगतात. सतराव्या शतकापासून जपानने परदेशीयांस दरवाजे बंद केले होते, फक्त चिनी व डच व्यापाऱ्यांना नागासाकी येथे येता येई. डच जहाजांतून जे परदेशी कापड येई ते क्योतोचे व्यापारी मोठी किंमत देऊन घेत आणि आपल्या आळीच्या रथास वाहत. त्यामुळे या रथांवर चीन, कोरिया, इराण आणि युरोप येथील कापडे एकत्र नांदतात. कान्को होको या रथावर सोळाव्या शतकातील फ्लँडर्सचा पडदा आहे, त्यावर बायबलमधील इसहाक व रिबेका यांची कथा विणलेली आहे. कोइ-यामा या रथावर ग्रीकांच्या ट्रॉय युद्धातील राजा प्रायम आहे. ज्या काळी जपानात ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्यास देहदंड होता, त्या काळी बायबलमधील चित्र देवाच्या मिरवणुकीत उघडपणे फिरत होते. विणकाम उत्तम आहे, एवढेच पाहिले गेले!

या कापडांत हिंदुस्थानी मालही पुष्कळ आहे. मिनामी कान्नोन-यामा या रथाकडे १६८४ साल लिहिलेले हिंदी छिटाचे कापड आहे. गालिच्यांपैकी काहींचा अभ्यास विसाव्या शतकाच्या अखेरीस तज्ज्ञांनी केला, तेव्हा त्यांतील कित्येक दख्खनमध्ये विणले गेले व कोरोमांडल किनाऱ्यावरच्या बंदरांतून डचांनी नेले असे मत पुढे आले. आळ्यांची एक चांगली सवय येथे कामी आली. कापड घेतल्यावर अस्तरावर शाईने साल घालून ठेवावयाचे. अशा नोंदींमुळे अमुक गालिचा अमुक सालापूर्वीचा, एवढे तरी खात्रीने सांगता येते. ज्या विणकरांनी हे गालिचे विणले त्यांची नावे मात्र कोठेही नाहीत. आपला माल कोठल्या देवाच्या रथावर तीनशे वर्षे मिरवणार आहे, हे त्यांना कधी कळले नाही. अलीकडे जुनी कापडे जीर्ण झाल्यामुळे त्यांच्या हुबेहूब प्रती विणून त्या रथांवर लावतात व मूळ कापडे जपून ठेवतात.

१८६८ साली मेइजी राजवटीने देव आणि बुद्ध यांची फारकत करण्याचा हुकूम काढला. गोझु तेन्नो हा बौद्ध वळणाचा देव म्हणून त्याचे नाव काढून टाकण्यात आले, त्याच्या जागी सुसानोओ हा जुना जपानी देव मानला गेला, आणि गिओन देवस्थानचे नाव यासाका झाले. एका कागदाने देवाचे नाव बदलले. लोकांनी तक्रार केली नाही आणि ‘गिओन-सान’ म्हणणेही सोडले नाही. पंचांग बदलले, तेव्हा जुन्या सहाव्या महिन्यातील तिथ्यांऐवजी १७ व २४ जुलै या तारखा आल्या. त्याच काळात पटकीच्या साथीमुळे यात्रा एकाहून अधिक वेळा पुढे ढकलावी लागली. साथ घालविण्यासाठी सुरू झालेली यात्रा साथीमुळे थांबवावी लागली, हे त्या वेळच्या म्हाताऱ्या माणसांना कसे रुचले असेल?

महायुद्धात १९४३ ते १९४६ या वर्षी रथ निघाले नाहीत. १९६२ साली शिजो रस्त्याखाली रेल्वेचे भुयार खणले जात होते, म्हणून मिरवणूक रद्द झाली. १९६६ साली वाहतुकीची अडचण व पाहुण्यांची सोय पाहून २४ तारखेची रथयात्रा १७ तारखेच्या यात्रेस जोडून टाकण्यात आली. सोय झाली, पण अर्थ बिघडला. देव येण्यापूर्वी एक शुद्धी व देव परतण्यापूर्वी दुसरी, हा क्रमच त्यामुळे गेला. जुनी माणसे हे बोलून दाखवीत राहिली, आणि ४८ वर्षांनी, २०१४ साली, दोन्ही यात्रा पुन्हा वेगळ्या झाल्या.

त्याच २०१४ साली ‘ओफुने होको’ हा नावेच्या आकाराचा रथ दीडशे वर्षांनी रस्त्यावर आला. १८६४ च्या आगीत त्याचा सांगाडा जळाला होता. देवीचा मुखवटा व साजापैकी काही वस्तू मात्र वाचल्या होत्या. रथ नाही म्हणून आळीने यात्रा सोडली नाही. वाचलेल्या वस्तू यात्रेच्या दिवसांत मांडून त्यांची पूजा केली जात असे. नाव नाही, चाके नाहीत, मिरवणूक नाही, केवळ एक मुखवटा आणि त्याच्यापुढे बसलेली माणसे, असे किती उन्हाळे गेले. नंतर तरुणांनी प्रथम वादन शिकून घेतले, मग लाकूड, मग चाके, आणि अखेर रथ. तो आता २४ तारखेच्या मिरवणुकीत सर्वांत शेवटी चालतो.

‘ताका-यामा’ची हकीकत याहून लांबची आहे. ताका म्हणजे ससाणा. त्यावर ससाण्याने शिकार करणारा सरदार, कुत्रा सांभाळणारा आणि पिंप वाहणारा अशा तीन बाहुल्या. १८२६ साली मिरवणुकीत पावसाने त्याचा साज खराब झाला. पुढल्या वर्षी दुरुस्ती झाली नाही म्हणून तो थांबला. एका वर्षासाठी थांबलेला तो रथ पुढे १८६४ च्या आगीत सापडला आणि बाहुल्यांची मस्तके व हात एवढेच उरले. २०१९ साली त्या आळीची माणसे रथाशिवाय, नुसती एक पेटी घेऊन मिरवणुकीत चालली. २०२२ साली रथ निघाला. मध्ये १९६ वर्षे गेली होती. त्यामुळे सध्या १७ तारखेस २३ व २४ तारखेस ११ असे ३४ रथ आहेत.

१९७९ साली जपान सरकारने या रथयात्रेस राष्ट्रीय महत्त्वाचा वारसा ठरविले व २००९ साली युनेस्कोनेही तिला जागतिक यादीत घेतले. परंतु आळ्यांची अडचण यादीने सुटत नाही. शहराच्या मध्यभागी आता कचेऱ्या, बँका व उंच इमारती आहेत. कापडाच्या पेढ्या कमी झाल्या, कायम राहणारी कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी उरली. म्हणून नव्या इमारतींत राहावयास आलेल्या परक्या माणसांना मंडळात घ्यावे की नाही, असा प्रश्न उभा राहिला. काही आळ्यांनी त्यांना घेतले. ओढणाऱ्यांत विद्यार्थी व परदेशी स्वयंसेवकही असतात. स्त्रियांनी रथावर चढू नये हा जुना नियम. २००१ साली रथांच्या संघाने तो निर्णय ज्या त्या आळीवर सोपविला, आणि काही रथांवर मुली वाजवू लागल्या. नागिनाता होकोने जुना नियम कायम ठेवला आहे. जी कापडे मुख्यतः बायकांच्या अंगावर जात, त्या धंद्यावर उभ्या राहिलेल्या आळ्यांत हा वाद इतका उशिरा निघावा, याचे नवल वाटते.

२०२० साली कोरोनाची साथ आली आणि रथयात्रा रद्द झाली. पालख्याही निघाल्या नाहीत. देवाचा वास सदाहरित साकाकी झाडाच्या फांदीत मानून ती पांढऱ्या घोड्यावर ठेवली गेली, आणि थोड्याच माणसांनी तिच्यासह वस्तीतून फेरी काढली. आळ्यांचे प्रतिनिधी १७ तारखेस रथाविना, पायी चालत गेले. २०२१ सालीही मिरवणूक नव्हती, पण काही आळ्यांनी रथ बांधून उभे केले. कारण विचारले असता सांगण्यात आले की, दोन वर्षे दोर हाती धरला नाही तर बांधणी विसरली जाईल. २०२२ साली सर्व पूर्ववत सुरू झाले.

जुलैभर पुष्कळ भक्त काकडी खात नाहीत. काकडी आडवी चिरली असता तिची चकती देवस्थानच्या चिन्हासारखी दिसते, म्हणून. असे लहान नियम मोठ्या विधींइतकेच टिकून आहेत. २८ तारखेस पालखी कामो नदीच्या पाण्याने शुद्ध करतात व ती ठेवून देतात. रथांची लाकडे, चाके व बाहुल्या तोवर कोठारात गेलेली असतात. शेवटी ३१ तारखेस देवळाच्या आवारातील एका लहान मंदिरात यात्रेची सांगता होते. हे मंदिर मोठ्या देवाचे नाही, काडाचे आसन घालून भरड धान्याचे जेवण वाढणाऱ्या सोमिन शोराईचे आहे. दारात गवताचे मोठे कडे उभे केलेले असते. लोक रांगेने त्यातून पार जातात, कड्याचे थोडे गवत उपटून हाती घेतात, त्याचे लहानसे वेटोळे करतात, आणि घरी नेतात.